वजनखोली

तिचा हात वर गेला आणि त्यानं कामावरच्या काकांच्या हातावर दोनदा थोपटलं. झालं ते एवढंच. नंतर त्या दुपारकडे वळून पाहिलं की मानेभोवती आलेला हात, केसांवर टेकलेली हनुवटी, लवंगेच्या गोळीचा वास, हे सगळं तिला नीट क्रमानं आठवायचं, पण दुसऱ्या कुणाला झालेलं असावं तसं. स्वतःचं म्हणून आठवायचा तो फक्त तो हात. उजवा. पातळ सुती हातमोजा घातलेला, तराजूच्या काचपेटीसमोर मांडीवर ठेवलेला. तो वर आला, काकांच्या मनगटाच्या जरा वर, बाहीवर, तळव्यानं दोनदा थोपटून तसाच थांबला. सुटकेची वाट पाहत. जणू पलीकडच्या माणसाला ही खूण ठाऊक असणारच. आणि काका खरोखरच थांबले. मग तिच्या कानाशी, अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "कळलं हो. कळलं मला." त्यांनी हात काढला तो घाईनं नाही; वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवावा तसा काढला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले, तिच्यासमोर टेबलावर एक गोळी ठेवली आणि चहाला गेले. जाताना नेहमीसारखं दार हलकेच ओढून घेतलं, आतल्या हवेला धक्का लागू नये म्हणून.

थोपटणं तिला वर्गात शिकवलं होतं. घराजवळच्या एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग चालायचा, तिथं ती काही महिन्यांपासून जात होती. कारण साधं होतं. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या गल्लीतला दिवा गेला होता, तो कुणी बदलत नव्हतं, आणि तिला यायला जरा उशीर झाला की आई जेवायची थांबून खिडकीत उभी राहायची. दिवा बदलून घेण्यापेक्षा वर्गात नाव घालणं सोपं निघालं. जी काही भीती आहे ती त्या गल्लीत आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. वजनखोलीतली ट्यूब तर कधी विझतसुद्धा नसे. वर्गाच्या बाई एका शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामशिक्षिका होत्या, आखूड केसांच्या, एका गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पकडायचं नंतर. आधी सोडायला शिका. समोरचीनं दोनदा थोपटलं, तुमच्या अंगावर, गादीवर, कुठेही, की त्या क्षणाला सोडायचं. हसायचं नाही, एवढ्यात काय म्हणायचं नाही. सोडायचं." बाकीच्या बायकांना ते जमेना. पकडलं की त्या हसत, अगं अगं करत, मेले मेले म्हणत, आणि थोपटायचं विसरून जात. हिला पहिल्याच वेळी जमलं. "हिचं बघा सगळ्यांनी," बाई म्हणाल्या, "हात कसा शांत येतो." वर्गात तिचं झालेलं कौतुक ते तेवढंच. ओरडण्यात ती नापास होती. प्रत्येकीनं एकेक करून पुढं यायचं, पाय रोवायचे आणि पोटातून "नाही!" असं ओरडायचं. तिची पाळी आली की घशातून जे निघे ते ऐकून बाई कपाळाला हात लावत. "हे काय, डास हाकलतेस का? परत!" मागून तिची जोडीदार नर्स म्हणे, "बाई, तिला राहू द्या, तिच्या वाटचं मी ओरडते. वॉर्डात तेवढंच काम असतं मला." नर्स वर्गाला का येते असं कुणी विचारलं तर सांगायची, वजन उतरावं म्हणून. मला कोण हात लावणार, सुई घेऊन फिरते मी.

त्या शुक्रवारी दुपारनंतर तिनं उरलेली वजनं मखमलीच्या पेटीत ठेवली, एकेक करून, चिमट्यानं. वजनाला उघड्या हातानं शिवायचं नसतं. बोटाचा जो काही तेलकटपणा लागतो तो डोळ्याला दिसत नाही, पण तराजूला दिसतो; शिवलेलं वजन जड होतं आणि मग ते पुसून, निवत ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावं लागतं, तोवर त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे तिला काकांनीच शिकवलं होतं. ती नवीन होती तेव्हा काका तिच्या शेजारी स्टुलावर बसून तिच्या हाताकडे पाहत राहायचे, आणि चिमटा थरथरला की म्हणायचे, "घाई कुणाला आहे बाळ? वजनाला नाही, मला नाही." इमारतीतले सगळे त्यांना काकाच म्हणत. वरच्या मजल्यावरच्या साहेबबाईसुद्धा. कुणाचा मुलगा परीक्षेला बसला की काका त्याला पेन द्यायचे, कुणाचं काही दुखत असलं की खिशातून गोळी काढायचे, लवंगेची, सगळ्या दुखण्यांवर तीच. ती हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि तिनं मान धुतली. साबण लावून, मग नुसत्या पाण्यानं, मग परत साबण लावून. आरशात मान तशीच होती. तिला वाटलं, उद्यापर्यंत थांबून पुन्हा तोलून बघायला हवं. आणि मग स्वतःच्याच या विचाराची तिला लाज वाटली, कारण हसू आलं होतं.

ती खोली तिची होती. कागदोपत्री नसेल, पण होती. तळघरात, दोन दारांआड, दारांच्या कडांना जाड लोकरीच्या पट्ट्या. आत पंखा नाही, खिडकी नाही, जमिनीत खोल रोवलेलं दगडी टेबल आणि त्यावर तराजू. औषधांच्या दुकानांतून, सराफांकडून, गिरण्यांतून, इस्पितळांतून वजनं यायची आणि ती खरी आहेत की नाही ते इथं ठरायचं. काम दोघांनी करायचं असा नियम होता. एक वाचणार, एक लिहिणार. वाचणारा आकडा मोठ्यानं वाचतो, लिहिणारा लिहिता लिहिता तोच आकडा परत उच्चारतो, आणि बरोबर असला तर वाचणारा म्हणतो "हो". चुकला तर म्हणतो "नाही", आणि आकडा पुन्हा वाचतो. परत उच्चारल्याशिवाय आणि "हो" आल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. तिचे डोळे चांगले म्हणून ती वाचायची आणि काका तिच्या पाठीमागे भिंतीजवळच्या छोट्या टेबलावर बसून लिहायचे. "आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही," असं त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. "आकडा तुला आवडला की नाही हे मला आवाजातून कळता कामा नये. आहे ते सांगायचं." वर्षानुवर्षं ते दोघं तसेच बसत आले होते. ती वाचत, ते परत म्हणत, ती "हो" म्हणत. काही दिवस असे जात की त्या खोलीत आकडे आणि हो यांच्याखेरीज दुसरा शब्द उच्चारला जात नसे, आणि संध्याकाळी बाहेरच्या आवाजात पाय टाकताना तिला पाण्यातून वर आल्यासारखं व्हायचं. तिला त्या खोलीत जसं वाटायचं तसं जगात दुसरीकडे कुठेच वाटत नव्हतं. ते काय होतं हे तिनं कधी शब्दांत मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर कदाचित असं म्हणाली असती की तिथं ती जे सांगते ते लिहिलं जातं.

वर्गाला त्या संध्याकाळी जाऊ नये असं तिला वाटत होतं, पण पाय गेले. सभागृहात रबरी गाद्यांचा आणि पावलांचा नेहमीचा वास होता. बाईंनी मागून गळ्याची पकड घ्यायला लावली. आधी नर्सनं तिला पकडलं; तिनं हनुवटी खाली घेतली, कोपराकडे वळली, बाजूला सरकली, सगळं जसं सांगितलं तसं. जमलं. "वा," नर्स म्हणाली, "आज फॉर्मात आहेस." मग तिनं नर्सला पकडलं. दंड गळ्याखाली, दुसऱ्या हातानं मनगट. नर्सची मान गरम होती, केसांना इस्पितळाचा वास. नर्सनं थोपटलं. तिच्या बाहीवर, दोनदा. तिला ते कळलं. तळवा, कापड, आवाज, सगळं वेगवेगळं कळलं आणि त्याचा मिळून काही अर्थ झाला नाही. हात होता तिथंच राहिला. डोक्यात कुणीतरी समजूतदार आवाजात म्हणत होतं, कळलं हो, कळलं मला. नर्सनं परत थोपटलं, मग थोपटणं सोडून नखं लावली, मग बाईंचा हात तिच्या अंगठ्याखाली शिरला आणि अंगठा मागे वाकला. नर्स गादीवर बसून खोकत राहिली. "अगं," नर्स अखेर बोलली, आवाज चिरलेला, "उद्या मला रजा नाहीये गं. मरायचं तरी आधी अर्ज टाकावा लागतो आमच्यात." कुणीतरी हसलं. ती मात्र स्वतःच्या दंडाकडे पाहत उभी होती. त्याला काही झालेलं नव्हतं. तेच भयंकर होतं. पकडताना त्याला अजिबात जड गेलं नव्हतं, आणि त्या वेळभर तिला, पहिल्यांदाच त्या दुपारनंतर, बरं वाटलं होतं.

सगळ्या गेल्यावर बाई सभागृहाला कुलूप लावत होत्या आणि ती पायरीवर उभी होती. "काय झालं?" बाईंनी कुलपाकडे पाहतच विचारलं. "काही नाही." "काही नाही म्हणणाऱ्या बायका मी रोज बघते इथं. काय झालं ते सांग." तिनं एका वाक्यात सांगितलं. कामावर एकानं मागून पकडलं आणि मी थोपटलं. किल्ली कुलपात अडकलेलीच राहिली. "थोपटलं म्हणजे?" "इथं थोपटतो तसं." "मग?" "त्याला वाटलं, मला आवडलं." बाई वळल्या. त्या आता जवळ घेतील, असं तिला वाटलं, आणि तिनं अंग आखडून घेतलं, पण बाई संतापल्या होत्या. "आणि कोपर? कोपर कुठे गेलं होतं? टाच? इतके दिवस घसा फोडून काय शिकवते मी? थोपटलंस? त्याला?" संताप आला तसाच ओसरला. त्या खाली पायरीवर बसल्या, पट्ट्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. म्हातारी दिसत होत्या. "बंद करून टाकते ते थोपटणं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "नाही, बंद नाही करता येत. कुणाची तरी मान मोडेल." आपल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली याचं तिला वाईट वाटत होतं. "ओरड," बाई शेवटी म्हणाल्या. "दुसरं काही जमलं नाही तर ओरड. सगळी इमारत गोळा होऊ दे." "तिथून आवाज बाहेर जात नाही," ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या किल्ली फिरवायला उठल्या.

गल्लीत अंधार होता. दिव्याचा खांब, बंद दुकानाचं फळकूट, कुणाची तरी सायकल. इथून जाताना ती नेहमी किल्ली बोटांच्या मध्ये धरायची, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. आज धरली नाही. ह्या गल्लीनं आपलं काहीच बिघडवलेलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या अंधाराबद्दल जरा माया वाटली. हात शांत कसा येतो, बाई म्हणाल्या होत्या. तो शांत येत होता कारण त्याला सवय होती. जेवणाचं टेबल, पितळी भांडी, वडील. वडील मारायचे नाहीत. ते फक्त बोलायचे, आणि त्यांच्या बोलण्यानं मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे. ती शाळेत असताना एकदा त्यांनी कुठल्याशा गोष्टीत चुकीचा आकडा सांगितला होता, अंतराचा की लोकसंख्येचा, आणि तिनं तो बरोबर करायला तोंड उघडलं होतं. तेव्हा टेबलाखालून आईची दोन बोटं तिच्या मांडीवर आली. टक, टक. जाऊ दे. तेव्हापासून ती बोटं यायचीच. वडिलांचा आवाज चढू लागला की, पाहुणा काही बोलला की, मामांनी तिला मांडीवर बसवून घेतलं आणि ती उठू लागली की. टक, टक. त्यात मार नव्हता, रागही नव्हता. एक प्रकारची माया होती, दोघींनाच कळणारी. मग कधीतरी आईच्या बोटांची गरज राहिली नाही. तिची तिचीच बोटं मांडीवर हलायची. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरातले आवाज अजून त्यांना भिऊन होते. कुकरची शिटीसुद्धा आई अर्ध्यात उचलायची.

रविवारी सकाळी आई भाजी निवडत होती आणि ती समोर बसून देठं गोळा करत होती. सांगायचं असं तिनं ठरवलेलं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "आमच्या खोलीतले काका आहेत ना, ते परवा..." आणि तिला दिसलं. आईचा हात भाजीवरून उठला, टेबलावरून सरकत आला आणि दोन बोटांनी तिच्या मनगटावर टक टक करून परत भाजीकडे गेला. आईचं लक्षही नव्हतं. ती देठच पाहत होती. वाक्य पुरं व्हायच्या आतच आईला ते सगळं कळलं होतं, आईच्या हाताला कळलं होतं, आणि हातानं आपलं काम केलं होतं. "त्यांना निवृत्त व्हायला किती राहिलंय?" आईनं विचारलं. "दोन वर्षं." "मग तू वर का जात नाहीस? तुमच्या साहेब केव्हाच्या बोलावतायत म्हणालीस, कागदांच्या टेबलावर. खिडकी आहे तिथं." "हो, आहे." "मग. तळघरात काय ठेवलंय? तब्येतीला तरी बरं." आईनं वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "वाद घालून बाईमाणसाचं काय भलं होतं गं? त्यांनी काही केलंय असं ते म्हणणारच नाहीत. तूच काही समजलीस म्हणतील." तिला सांगावंसं वाटलं, आई, समजले ते मी नाही, समजले ते काका. पण आईचं खरं होतं. साहेबांसमोर उभं राहून सांगायचं काय? मी त्यांच्या हातावर थोपटलं, पण त्याचा अर्थ सोडा असा होता. एका शाळेच्या सभागृहात तो तसा आहे. ते वाक्य तिनं मनात बरेचदा म्हणून पाहिलं आणि दर वेळी ते तिलाच खोटं वाटलं. खरंच तसा होता का? तिनं वाट पाहिली होती, हे तर खरं. हात त्यांच्या बाहीवर ठेवून, स्वस्थ. बाहेरून पाहणाऱ्याला ते कसं दिसलं असतं? दुपारपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं की सोमवारी आधी वर जायचं आणि कागदांचं टेबल मागून घ्यायचं. ठरल्यावर बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरातली एक खोली कुणीतरी भिंत घालून बंद करून टाकावी तसं झालं. घर तेवढंच, वावरायची जागा कमी.

सोमवारी ती जिन्याशी आली. वर जाणाऱ्या पायऱ्या, खाली जाणाऱ्या पायऱ्या. आणि तिला आठवलं की लहान मुलांच्या इस्पितळाची वजनं तिनं शुक्रवारी खोलीत काढून ठेवली आहेत, खोलीची ऊब-गारवा त्यांच्यात मुरावा म्हणून. औषधाच्या पुड्या करायची वजनं, पाकळीएवढी, कोपरा दुमडलेली. त्यांना कुणाचा उघडा हात लागला असता तर सगळंच फुकट गेलं असतं. एवढं करून मग वर जाऊ, असं ती मनाशी म्हणाली आणि खाली उतरली. हे कारण पुरेसं नाही हे तिला ठाऊक होतं, पण दुसरं तिच्याजवळ नव्हतं.

काका आधीच येऊन बसले होते. "या," ते म्हणाले. एरवी ते "ये" म्हणायचे. त्यांनी दाढी जरा जास्त नीट केलेली होती. ती स्टुलावर बसली, हातमोजे चढवले. मागं काका उठल्याचा आवाज आला, आतल्या दारापाशी गेल्याचा, आणि मग कडीचा. त्या दाराला कडी होती हे तिला माहीत होतं. ती लावलेली तिनं कधी पाहिली नव्हती. "उगाच कुणी मध्ये दार उघडतं आणि आकडा हलतो," काका म्हणाले. "हो ना?" तिनं चिमट्यानं पहिली पाकळी उचलली, तराजूच्या काचपेटीत ठेवली, काच सरकवली आणि हात मांडीवर घेतला. आकडा धावला, मंदावला, थांबला. तिनं तो वाचला. काकांनी परत उच्चारला. "हो." दुसरी पाकळी. वाचला, परत आला, "हो." तिसरी. काका आज लिहिण्याकडे लक्ष देत नव्हते. त्यांच्या आवाजात एक प्रकारचा आनंद होता, आणि त्यांनी शेवटच्या आकड्याला सातऐवजी एक म्हटलं. "नाही," ती म्हणाली, "सात." "सात," काका म्हणाले. "हो." आणि ती चौथी पाकळी उचलता उचलता चिमटा हवेत धरून थांबली. तिनं काय म्हटलं होतं? तिनं मनात तो आवाज परत लावून पाहिला. तो डास हाकलणारा नव्हता. ओरडणारा नव्हता. त्यात विनंती नव्हती, रागही नव्हता. आकडा त्यांनी म्हटला तसा नव्हता, म्हणून ती नाही म्हणाली होती. ह्या माणसाला ती हे वर्षानुवर्षं म्हणत आली होती, आठवड्यातून कितीतरी वेळा. सभागृहात गादीवर पाय रोवून ज्या शब्दासाठी ती घसा कोरडा करत होती तो इथं रोज, न मागता, तिच्या तोंडातून निघत होता.

पाकळी पेटीत गेली. काच सरकली. आकडा धावला, मंदावला, आणि थांबायच्या ऐवजी सरकू लागला. फक्त शेवटचा. एक, मग परत एक, हळूहळू. तिला वळून पाहायची गरज नव्हती. माणसाच्या अंगाची ऊब जवळ आली की पेटीतली हवा हलते. हा तराजू पावलांच्या आवाजाआधी माणूस ओळखतो. आकडा सरकत होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. लवंगेचा वास आला. मग मानेवर, केसांखाली, हात. गरम, कोरडा, मोठा. अंगठा कानामागे. "एवढी गप्प का?" काका म्हणाले. "त्या दिवशी तर..." मांडीवर तिचा उजवा हात हलला. तो वर यायला निघाला होता, शांतपणे, जसा नेहमी येतो तसा, तळवा उघडा. तिनं त्याला पाहिलं. कोपर, टाच, बाजूला सरकणं यांतलं काहीही कुठेही नव्हतं. होता तो हा एक हात, मनापासून शिकलेला. तो काकांच्या बाहीपर्यंत पोचला नाही, कारण तिनं मध्येच तो काचपेटीच्या कडेला लावला आणि तिथं धरून ठेवला, आणि समोरच्या आकड्याकडे पाहत, वाचायच्या आवाजात, ती म्हणाली,

"तुमचा हात माझ्या मानेवर आहे. काढा."

"मानेवर कुठे," काका हसून म्हणाले, हसण्यात जरा फट पडली होती, "खांद्यावर तर..."

"नाही," ती म्हणाली. "मानेवर."

"मानेवर," काका म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. इतकी वर्षं ह्या खोलीत, ह्या आवाजापाठोपाठ जे निघत आलं होतं तेच निघालं, शब्द तिचा, आवाज त्यांचा, आणि तो खोलीतल्या चारही भिंतींना ऐकू गेला. त्यांचा अंगठा तिच्या कानामागे थबकला. त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं होतं हे तिला त्या अंगठ्यावरून कळलं.

"हो," ती म्हणाली.

हात निघाला. मानेला गार लागलं. काही वेळ काका तिच्यामागे उभेच होते, श्वास मोठा, आणि तो वेळ लांबला. कडी लावलेली होती. आवाज बाहेर जात नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं. तिला भीती वाटत होती; ती तशीच होती, काही कमी झालेली नव्हती, पोटऱ्यांत, जिभेखाली, काचेच्या कडेवर धरलेल्या बोटांत. फक्त ती आता एका बाजूला होती, आणि आकडा समोर होता. "दाराची कडी काढा," ती म्हणाली, "आणि जागेवर बसा. तुमच्यामुळे हलतोय तो." "फार शहाणी झालीस," काका म्हणाले. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, दुखावलेला, आणि त्याखाली दुसरं काहीतरी, जे उद्या वर जाईल, चहाच्या टेबलावर बसेल, डोकं हलवत म्हणेल की पोरगी हल्ली विचित्र वागते. साहेब ऐकून घेतील. आई म्हणेल, सांगत होते मी. हे सगळं होणार होतं. ते तिला समोरच्या आकड्याइतकं स्पष्ट दिसत होतं, आणि त्यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं.

पावलं गेली. कडी वाजली. छोट्या टेबलाचं स्टूल जमिनीवर घासलं. शेवटचा आकडा आणखी एकदा सरकला, थबकला, मागे आला. स्थिर झाला. तिनं तो वाचला.

पलीकडून काही आलं नाही.

परत उच्चारल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. तिनं तो पुन्हा वाचला, त्याच आवाजात, आणि काचेवरचा हात न काढता थांबली.